कुठून बसलं हे पाणी?

खोली भाड्यानं देण्याआधी घरमालक काय काय विचारतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. नोकरी कुठं, माणसं किती, मटण-मच्छी चालतं का, पाहुणे फार येतात का. या गृहस्थांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. मला दारातच थांबवलं, माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे पाणी कुठून बसलं?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"यवतमाळच्या स्टँडवर भरलं," मी म्हटलं.

"स्टँडवर कुठं? नळावरून का टाकीतून?"

"आता ते काही आठवत नाही."

"चढलं कुठं थे आठवत नाही, अन् पोटात उतरवून राह्यल्या! ओता थ्या पपईले. अन् वर जाऊन खोली पाहून या."

पपईला पाणी घालून मी जिना चढले. खोली हवेशीर होती, कोर्ट पायी जाण्याइतकं जवळ होतं, आणि मी कोर्टात नवीन बदली झालेली स्टेनो होते, म्हणजे निवड करण्याच्या परिस्थितीत नव्हते. माणूस थोडा सटकलेला दिसतो, पण घर चांगलं आहे, असं आईला फोनवर सांगितलं. त्या घरात पुढे मी बरीच वर्षं राहिले आणि त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग कधी मागे घ्यावा लागला नाही.

घरमालक, म्हणजे काका, एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी यवतमाळ, कळंब, पांढरकवडा या पट्ट्यात गेली. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण गाडीतून ते उतरलेच नव्हते. बाजारात भेटलेल्या माणसाला "कुठून बसले?" आणि "कुठं उतरणार?" हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. भाजी कुठून बसली, दूध कुठून बसलं, जावई कुठून बसला. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल दारात आले तर त्यांनाही आधी "मागं सरका, मागं सरका" म्हणत आणि मग ओवाळू देत.

भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी त्यांनी कुठूनशी मिळवली होती. ती ओट्यावर टांगलेली होती आणि तिची दोरी ओट्यावरून स्वयंपाकघरात, तिथून जिन्याच्या कठड्याला धरून माझ्या खोलीपर्यंत आणलेली होती. एकदा वाजली की थांबा. दोनदा वाजली की चला. घरातले सगळे निकाल या घंटीवर लागत. मी खोलीला रंग द्यायचं विचारलं तेव्हा एक घंटी झाली. मैत्रिणीला चार दिवस ठेवून घेऊ का विचारलं तेव्हा दोन झाल्या. त्यांच्या मुलीला, वैशूला, दारव्ह्याचं स्थळ आलं तेव्हा मुलाकडची माणसं बैठकीत उत्तराची वाट बघत बसली होती. काका उठले, ओट्यावर गेले आणि दोरी दोनदा ओढून आले. पाहुण्यांना कळेना. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "हो म्हणून राह्यले थे. साखर आणा."

काकू म्हणजे ठेंगणी, झपझप चालणारी बाई. गुडघे दुखत, तरी चाल तीच. नवऱ्याच्या घंटीला त्या भीत नसत. पटलं नाही की स्वयंपाकघरातून त्याही दोरी ओढत. मग घरात दोन माणसं दोन टोकांनी एकच घंटी वाजवतायत आणि भाडेकरू मधल्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी, असा देखावा गल्लीला पाहायला मिळे.

आता पाण्याचं सांगते, कारण काकांचं बाकी सगळं वेड हसण्यावारी नेता येत होतं. पाण्याचं तेवढं नव्हतं.

त्यांच्या खांद्याला कायम छागल असे. जाड कापडाची पाण्याची पिशवी, पूर्वी ट्रकवाले गाडीला बाहेरून लटकवत तशी. लग्नाला जाताना छागल, मयतीला जाताना छागल. चौकातल्या सार्वजनिक नळावरून ती भरत. तो नळ मोठ्या पाइपावर होता, जमिनीपासून चांगला कमरेएवढा उंच आणि त्याला तोटी होती. आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी हा माणूस पीत नसे. गल्लीत घर, घरात नळ, आणि पाणी चौकातून. लोकांना वाटे, म्हाताऱ्याला मिजास आहे. पाण्याच्या जारची गाडी पहिल्यांदा गल्लीत आली तेव्हा काकांनी ती हात दाखवून थांबवली होती आणि जारवाल्या पोऱ्याला विचारलं होतं, "हे कुठून बसले?" तो म्हणाला, "आरोचं हाय काका." काका म्हणाले, "नाव नाही विचारलं, स्टाप विचारला." त्या पोऱ्यानं पुढे आमची गल्ली टाकून पलीकडून जायला सुरुवात केली.

वेडाचं कारण नळाच्या खड्ड्यांत होतं. गावाला पाणी दोन दिवसाआड येई, तेही सकाळी, तेही करंगळीएवढं. कुणाच्या तरी पहिल्यांदा लक्षात आलं की नळ जरा खाली घेतला तर धार मोठी पडते. त्यानं अंगणात हातभर खड्डा करून नळ खाली नेला. त्यामुळे शेजाऱ्याची धार बारीक झाली. शेजाऱ्यानं दोन हात खणलं. मग त्याच्या शेजाऱ्यानं. असं करत करत सगळी गल्ली जमिनीत उतरली. गल्लीच्या तोंडाशी, पाणी शिरतं तिथंच, नंदाबाईंचं घर होतं. दोन म्हशी, मागं गोठा, वावरात कापूस आणि तूर, आणि आवाज असा की म्हशींनीही ऐकावं. त्यांच्या खड्ड्याला तर पायऱ्या होत्या. त्यांची सून कमरेला पदर खोचून खाली उतरे आणि गुंड, म्हणजे पाण्याचं मोठं भांडं, भरून वर देई. खड्ड्यात नळाला तोटी लावायची काय गरज, म्हणून तोट्या कधीच निघाल्या होत्या. नुसतं पाइपाचं उघडं तोंड. वर फरशी नाहीतर फळी टाकली की झालं.

खड्ड्याच्या बाजूनं नाली वाहत होती. नालीचं पाणी पाझरून खड्ड्यात येई आणि पाइपाचं तोंड त्यात बुडून राही. पाणीपुरवठा बंद झाला की रिकामा होणारा पाइप ते ओढून घेई. पुढच्या वेळी नळ सुटला की ते खालच्या घरी जाई. काका हे सगळ्यांना सांगत फिरत. "टाकीवर जाऊन आलो मी. तिथिसा पाणी चांगलं निघते, औषधाचा वास येते. मोठ्या पाइपात चांगलं. आपल्या गल्लीत शिरलं का गाडी रिकामी होते अन् स्टापास्टापावर फुकटे चढते. अन् आपण म्हणतो, टाकीवाल्यानं घाण पाणी सोडलं!"

लोक ऐकत. "बरोबर हाय काका," म्हणत आणि पाण्याच्या दिवशी खड्ड्यात उतरत. त्यांचं तरी काय चुकत होतं? एकट्यानं नळ वर घेतला तर त्याच्याकडे थेंब येणार नाही, सगळं खालच्या खड्ड्यांत जाणार. प्रत्येक जण शेजारी वर येण्याची वाट बघत खाली बसला होता.

एका पावसाळ्यात गल्लीच्या शेवटच्या घरातले रहीमभाई, सायकलचे मिस्त्री, आजारी पडले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मग त्यांच्या शेजारची एक बाई, मग आणखी दोघं. गल्लीनं आपल्या पद्धतीनं कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं, माळा घातल्या, तेल-मीठ बंद केलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की ही पाण्यातून आली आहे. रहीमभाई महिनाभर दुकान बंद ठेवून खाटेवर पडून होते. काका रोज चौकातून पाणी आणून त्यांच्या घरी देत. तिथून परत येताना प्रत्येक खड्ड्याची फळी पायानं सरकवून आत बघत आणि काही न बोलता पुन्हा झाकत. काकू म्हणाल्या, "यायचं लक्षण मले बरं नाही दिसून राह्यलं."

महालक्ष्म्यांच्या सणाला पाण्याचा दिवस आला. घरोघरी पुरणाची, भाज्यांची, सोळा प्रकारच्या नैवेद्याची तयारी. सकाळी नळ सुटला आणि आमच्या घराखालच्या साऱ्या घरांत पाणी केशरी आलं. थोडंथोडकं नाही, चांगलं जिलेबीसारखं. एका घरी पूजेच्या कलशात ते भरलं गेलं. एका घरी भात शिजून वर आला तो पिवळाधमक. बायका गुंड घेऊन रस्त्यावर आल्या, माणसं टाकीवर फोन लावायला लागली. काका ओट्यावर शांत बसले होते. कुणीतरी विचारायच्या आत तेच म्हणाले, "जिलेबीचा रंग हाय. खाण्याचा. स्टँडवरच्या हलवायापासून आणला. परवा पाणी बंद झाल्यावर माह्या खड्ड्यात टाकला. पाइपात तर नाही टाकला न मी? मंग तुमच्या घरी कोण्या गाडीनं आला?"

मला वाटलं, आता तरी सगळ्यांना कळलं असेल. पण आमच्या गल्लीनं यातून जे काढलं ते फक्त आमच्या गल्लीलाच सुचावं. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली आणि एकमतानं ठरलं की दोष काकांच्या खड्ड्यात आहे.

"म्हातारा पाण्यात रंग टाकते! आज रंग टाकला, उद्या काहीही टाकन. यायचा खड्डा बुजवा पह्यले."

नंदाबाई तर म्हणाल्या, "माह्याइथं तं पाणी पांढरंच आलं, बाप्पा. रंग खालीच गेला." त्यांचं घर वरच्या टोकाला, तिथं आमचा रंग कसा जाणार! ज्यांचा खड्डा सगळ्यांना बाधत होता त्यांनाच कधी काही दिसत नव्हतं.

काका उठले. "मंजूर," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला खड्डा दगड-मुरूम टाकून बुजवला, नळ भिंतीला धरून वर घेतला आणि त्याला पितळी तोटी बसवली. माझ्यासारख्या आशाळभूत भाडेकरूला दाखवून म्हणाले, "आता पाहा."

आम्ही पाहिलं. पुढचे कित्येक महिने त्या तोटीतून हवा येत होती. पाण्याच्या दिवशी सकाळी काका गुंड घासून तोटीखाली ठेवत, चावी पूर्ण उघडत आणि खुर्ची टाकून बसत. वरून आणि खालून खड्ड्यांत पाणी पडल्याचे आवाज येत. यांची तोटी फुसफुस करून गप्प. पाणी गेलं की ते चावी नीट बंद करत आणि खुर्ची आत नेत. काकू आणि मी चौकातून पाणी आणत होतो. काकूंच्या गुडघ्यांकडे बघून मी एकदा चिडून म्हटलं, "काका, तुमचा हट्ट काकूंच्या पायांवर चालला आहे." ते म्हणाले, "हो, मले दिसते." आणि त्या दिवसापासून मोठी कळशी स्वतः उचलू लागले. पण नळ खाली घेतला नाही.

दिवाळीनंतर वैशूचं बाळंतपण जवळ आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, याबद्दल आमच्याकडे चर्चाही होत नाही. काकूंनी जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, डिंक आणून ठेवला, मागची खोली शेणानं सारवली. गल्लीतल्या बायका येता-जाता विचारत, "वैशू कधी येऊन राह्यली?" प्रत्येक घरानं तिला जेवायला बोलवायचं ठरवून ठेवलं होतं. गर्भारशी लेक माहेरी आली की गल्ली तिला आळीपाळीनं जेवू घालते, तिला काय खावंसं वाटतं ते करते. नंदाबाईंनी तर खरवस तिच्यासाठी राखायचा म्हणून गाभण म्हशीचे दिवस मोजायला घेतले होते.

वैशूचा फोन आला तेव्हा मी खालीच होते. काकूंनी फोनचा आवाज मोठा केला. "आई, रविवारी निघू का?" ती विचारत होती. काकू हो म्हणणार तेवढ्यात काकांनी फोन घेतला.

"पोरी, तू येऊ नोको."

"काहून, बाबा?"

"गल्लीतलं पाणी ठीक नाही. इथिसा कावीळ झाली लोकायले. तुह्या पोटात लेकरू हाय. डॉक्टरीणबाईले विचारलं मी, म्हणे गर्भारशीले कावीळ झाली तं जिवावर बेतते."

"मी उकळून पेईन, बाबा."

"आपल्या घरी उकळून पेशीन. लोकायच्या घरी जेवाले बसशीन तवा?"

मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे पह्यलं बाळंतपण मी सासरी करू? बाबा, लोक काय म्हणतीन? येऊ का नको, एकदा नीट सांगा."

काकांनी फोन काकूंच्या हातात दिला. ओट्यावर गेले आणि दोरी ओढली. एकदा. त्या घरात वाढलेल्या मुलीला फोनमधून ती ऐकू गेली असणार, कारण पलीकडून फोन बंद झाला.

मला त्या माणसाचा इतका राग आला होता की मी दोन दिवस जिन्यावरून जाताना त्यांच्याकडे पाहिलं नाही. काकूंनी तर बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं तर मला सांगत. "बाई, त्यायले सांगा, जेवण वाढलं." काका समोरच बसलेले. मी निरोप दिल्यासारखं करायची आणि ते "सांगा, येतो" म्हणायचे. वैशू त्यांचा फोन उचलत नव्हती.

बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. बापानंच लेकीला माहेरी येऊ नको म्हटलं! असं कुणी ऐकलं नव्हतं. सावत्र आई असली तरी पहिल्या बाळंतपणाला नाही म्हणत नाही. सकाळी नंदाबाई कमरेवर हात ठेवून ओट्यासमोर उभ्या राहिल्या, मागं गल्लीतल्या आणखी बायका.

"भाऊजी, काय ऐकून राह्यलो आमी? पोरीले येऊ नोको म्हटलं तुमी? वयनीच्या डोळ्याचं पाणी खळत नाही. लाज नाही वाटत तुमाले?"

"वाटते," काका म्हणाले.

"मंग?"

"मंग काय? पोरगी आली का तू तिले जेवाले बोलावशीन?"

"बोलावणारच. कायले नाही बोलावणार? माह्या अंगाखांद्यावर खेळली थे."

"पुरणपोळी करशीन. ताट वाढशीन. ताटाजवळ पाण्याचा गिलास ठेवशीन?"

"ठेवीन नाही तं काय!"

"थ्या गिलासात पाणी कुठून बसलं?"

नंदाबाईंचे कमरेवरचे हात खाली आले.

"मी तिच्या मागं मागं येऊ का तुह्या घरी? तिचा हात धरू का, का पोरी, मावशीच्या घरचं पाणी पिऊ नोको? तू हात राखून वाढणारी बाई नाही, अन् थे नाही म्हणणारी पोर नाही. म्हून मी इथूनच एक घंटी दिली. तुह्या घरी येऊन तुह्या पाण्याले नाही म्हणणं मले जमलं नसतं."

हे ते भांडणाच्या आवाजात बोलत नव्हते. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या तरातरा आपल्या घरी गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी खड्ड्यावरची फळी ओढून बाजूला केली. खड्डा त्यांचा, पण उतरायची कायम सून. त्या दिवशी नंदाबाई मोबाइलची बॅटरी लावून स्वतः खाली उतरल्या. वरून आम्हाला त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता. पाइपाचं तोंड काळ्या पाण्याखाली होतं, वर साबणाचा फेस तरंगत होता आणि गोठ्याकडच्या बाजूनं भिंतीतून म्हशींचं मूत ओघळत होतं. वर आल्या तेव्हा सुनेला एवढंच म्हणाल्या, "माय व, हे पाजून राह्यलो का आपण लेकरायले?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गोठ्याची पडकी भिंत पाडायला गडी लागले आणि तिच्या विटा खड्ड्यात गेल्या. गल्लीतला सगळ्यात खोल खड्डा आधी बुजला, त्यामुळे बाकीच्यांचं तोंडच बंद झालं. तरी नळ किती वर घ्यायचा यावर भांडण झालंच. कुणी म्हणे वीतभर, कुणी म्हणे हातभर. ज्याचा दोन बोटं खाली, त्याला जास्त पाणी. काकांनी काकूंना हाक मारली. काकू बोलत नव्हत्या, पण आल्या. काकांनी रहीमभाईंना सांगितलं, "हिच्या गुडघ्यायचं माप घ्या. हिनं पाणी वाह्यलं. सगळ्याचे नळ हिच्या गुडघ्याएवढे." रहीमभाई आता बरे झाले होते आणि सायकलींचे पाने घेऊन पाइपाच्या कामाला लागले होते. त्यांनी काठी उभी धरली, काकूंच्या गुडघ्याशी खूण केली आणि ती काठी घरोघर फिरली. काकूंना हसू आलेलं मी पाहिलं, पण त्यांनी ते नवऱ्याला दिसू दिलं नाही.

काम पटकन झालं असं मात्र नाही. एकाची सिमेंटची सोय होईना, एकाच्या घरी लग्न निघालं, एक जण रात्रीतून पुन्हा उकरून बसला आणि नंदाबाईंनी त्याच्या दारात उभं राहून त्याचा उद्धार केला. एका घराला कुलूप होतं, मालक नागपूरला. काकांनी त्याला इतक्या वेळा फोन केला की शेवटी तो वैतागून म्हणाला, "बुजवा बाप्पा, घर घेऊन टाका पायजे तं." एक जरी खड्डा राहिला तरी काका घंटीला हात लावेनात. काकू माझ्यामार्फत विचारत, "त्यायले विचारा, आता बोलवायचं का पोरीले?" आणि काका म्हणत, "सांगा, अजून एक स्टाप राह्यला."

तो शेवटचा खड्डा, कुलूपवाल्याचा, काका स्वतः बुजवत होते. आत उभे राहून दगड बसवत होते. काकू धावत आल्या. त्या बाईला धावताना मी तेव्हाच पाहिलं. गेले कित्येक दिवस न बोललेल्या नवऱ्याला त्यांनी वरूनच सांगितलं, "वैशू मोकळी झाली. मुलगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

काकांच्या हातात दगड होता. तो त्यांनी जागेवर ठेवला, नीट दाबून बसवला आणि मग तिथंच, त्या खड्ड्यात, खाली बसले. आम्ही सगळे वर उभे. कुणीच त्यांना वर या म्हणालं नाही.

वैशू माहेरी आली ती उन्हाळा लागता लागता, तीन महिन्यांची लेक घेऊन. काका स्टँडवर जाऊन बसले होते. गाडीतून उतरल्यावर तिनं पिशवी त्यांच्याकडे दिली, मूल दिलं नाही, आणि घरापर्यंत एक शब्द बोलली नाही. रात्रीही आईशीच बोलत होती. मला वाटलं, आता या घरात निरोप पोचवायचं माझं काम दुप्पट झालं.

सकाळी पाण्याचा दिवस होता. गल्लीतल्या सगळ्या नळांना आता तोट्या होत्या, सगळे काकूंच्या गुडघ्याएवढे. पाणी सुटलं की कुणाकडे मोठी धार नाही आणि कुणाकडे कोरडं नाही, सगळीकडे सारखीच, करंगळीएवढी. नंदाबाई ताटात ओवाळणीचं सामान घेऊन आल्या होत्या. रहीमभाईंची बायको आली होती. बाळंतिणीनं पाण्याची पूजा करायची असते, पूर्वी विहिरीवर होई. वैशूनं लेक आईकडे दिली, आमच्या नळाच्या तोटीला हळद-कुंकू लावलं आणि चावी फिरवली. पेला भरला. काकूंना वाटलं, ती पिणार. ती वळली आणि पेला वडिलांसमोर धरला.

"तुमी प्या पह्यले."

काकांच्या खांद्याला छागल होती. इतक्या वर्षांत गल्लीच्या नळाचं पाणी त्यांच्या ओठांना लागल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी छागल उतरवून खुंटीला अडकवली. पेला घेतला, नाकाजवळ धरला, औषधाचा वास घेतला, आणि उभ्यानं, एका दमात, सगळा पेला प्यायले. मिशा पुसल्या.

वैशूनं तोच पेला पुन्हा तोटीखाली धरला आणि भरून स्वतः प्यायली. मग आईकडून लेकीला घेतलं आणि पहिल्यांदा वडिलांच्या हातात दिलं. म्हणाली, "बाबा, पुढच्या खेपेले तरी येऊ द्यान का मले?"

एका हातावर नातीला सांभाळत ते ओट्यावर गेले आणि दुसऱ्या हातानं त्यांनी दोरी ओढली. मग पुन्हा ओढली.